आधी शाळा की आधी मंडळी? अमेरिकन मराठी मिशनची वाटचाल

गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोन तरुण अमेरिकन धर्मोपदेशक ११ फेब्रुवारी १८१३ रोजी मुंबई बंदरात उतरले. त्यांनी सुरू केलेले कार्य पुढे अमेरिकन मराठी मिशन या नावाने ओळखले जाऊ लागले. मुंबईत सुरुवात करून ते नगर जिल्ह्यात रुजले आणि सोलापूरपर्यंत पसरले. मुलांच्या शाळा आणि ख्रिस्ती मंडळ्या (स्थानिक चर्च) ही या मिशनची दोन मुख्य कामे होती. त्यांतले आधी कोणते करायचे, हा वाद मात्र पहिल्या दिवसापासून सुरू राहिला. त्या वादाचा निकाल कधी बोस्टनमधल्या मिशन-बोर्डाच्या अधिकाऱ्यांनी लावला, कधी दुष्काळाने, तर बऱ्याचदा शाळेत येऊन बसलेल्या मुलांनी आणि त्यांच्या आईबापांनी.

या कार्याचा उगम मॅसॅच्युसेट्समधल्या एका गवताच्या गंजीपाशी झाला, असे अमेरिकन चर्चच्या इतिहासात सांगितले जाते. १८०६ च्या उन्हाळ्यात विल्यम्स कॉलेजचे पाच विद्यार्थी उघड्यावर प्रार्थना करत असताना वादळ आले. गंजीच्या आडोशाला त्यांनी प्रार्थना पुरी केली आणि आशियात शुभवर्तमान नेण्याचा विचार तिथेच बोलून दाखवला. त्या काळात न्यू इंग्लंडमध्ये धार्मिक जागृतीची मोठी लाट होती. इंग्लंडमधून विल्यम कॅरी बंगालमध्ये जाऊन स्थिरावल्याच्या बातम्या तिथे आवडीने वाचल्या जात. चार वर्षांत, १८१० मध्ये, परदेशी मिशनांसाठी अमेरिकन बोर्ड स्थापन झाले. फेब्रुवारी १८१२ मध्ये सेलम गावच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा देऊन दोन जहाजांनी कलकत्त्याकडे रवाना करण्यात आले.

वेळ मात्र फार वाईट निघाली. ईस्ट इंडिया कंपनीला आपल्या मुलखात मिशनरी नको होते. धर्मात ढवळाढवळ झाली की लोक बिथरतात आणि व्यापार धोक्यात येतो, ही धास्ती १८०६ च्या वेल्लोरच्या बंडानंतर आणखी वाढली होती. त्यात जून १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले आणि हे पाहुणे शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले. कलकत्त्याहून त्यांना निघून जाण्याचा हुकूम झाला. त्या पाचांपैकी अडोनिराम जडसन यांनी बाप्टिस्ट पंथ स्वीकारून ब्रह्मदेशाची वाट धरली. सॅम्युएल न्यूएल यांची एकोणीस वर्षांची पत्नी हॅरिएट मॉरिशसला वारली. तिचे तान्हे मूल त्याआधीच समुद्रप्रवासात गेले होते. हॉल आणि नॉट मुंबईला आले, तेव्हा इथेही हद्दपारीचा हुकूम त्यांची वाट पाहत होता.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते. हुकूम पाळावा की सदसद्विवेकाचे ऐकावे, या पेचात ते सापडले. दोघा मिशनरींनी मध्येच कोचीनला निसटून जाण्याचा प्रयत्न केला, तिथून त्यांना परत आणले गेले. त्यांना बोटीवर चढवण्याची तयारी डिसेंबर १८१३ मध्ये पुरी झाली होती. हॉल यांनी नेपियन यांना कळकळीची पत्रे लिहिली आणि अखेरच्या घटकेला हुकूम तहकूब झाला. त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना हिंदुस्थानात येण्याची वाट मोकळी केली आणि इथल्या शिक्षणासाठी वर्षाला एक लाख रुपये बाजूला काढण्याची तरतूदही घातली. धर्मप्रसार आणि शिक्षण ही दोन दारे एकाच कायद्याने उघडली.

राहायची परवानगी मिळाली, पण ऐकणारे कोण? रस्त्यात, देवळाच्या आवारात, बाजारात उभे राहून मोडक्या मराठीत केलेल्या उपदेशाला गर्दी जमे आणि पांगे. मुलांची गोष्ट वेगळी होती. मुलाला अक्षर-अंक यावेत ही इच्छा व्यापारी, कारकुनी करणाऱ्या मुंबईत घरोघरी होती. मिशनने १८१५ मध्ये मुलांची पहिली शाळा उघडली आणि लवकरच शाळांची संख्या वाढत गेली.

या शाळा कशा चालत हे समजून घेण्यासारखे आहे. मिशनकडे ख्रिस्ती शिक्षक नव्हतेच, त्यामुळे शिकवायला ब्राह्मण पंतोजी नेमावे लागले. मुंबई आणि कुलाब्याकडच्या बेने इस्रायल या ज्यू समाजाची मुले या शाळांत आली आणि त्यांच्यातलेच काही पुढे शिक्षकही झाले. गावठी शाळेत मूल धुळाक्षरे गिरवी, उजळणी आणि पावकी-निमकी घोकी, मोडी वळण शिके. छापील पुस्तक हा प्रकारच तिथे नव्हता. मिशनच्या शाळेत मुलाच्या हातात बालबोध अक्षरांतले छापील पुस्तक आले आणि त्यात बहुधा बायबलमधल्या कथा, आज्ञा, प्रार्थना असत. पंतोजी त्या मजकुरावर श्रद्धा न ठेवता तो शिकवत, आईबाप त्याकडे काणाडोळा करत आणि मुले वाचायला शिकत. मिशनरींना हा सौदा खटके. तरी त्यांनी तो चालू ठेवला, कारण दुसरा मार्ग त्यांच्यापाशी नव्हता.

छापील पुस्तकांसाठी छापखाना हवा होता. १८१६ मध्ये आलेले होरेशियो बार्डवेल छपाईचे जाणकार होते. १८१७ मध्ये मिशनच्या छापखान्यातून मराठी पुस्तिका निघाली आणि १८२६ मध्ये मराठी नवा करार छापून पुरा झाला. या छापखान्याचा परिणाम मिशनच्या हेतूपलीकडे गेला. टॉमस ग्रॅहॅम या कारागिराने तिथे मराठी अक्षरांचे नेटके खिळे पाडले. तिथली पुस्तके पाहून गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना उभारला आणि १८३१ मध्ये पंचांग छापून काढले. ख्रिस्ती पुस्तकांसाठी आणलेले तंत्र एका पिढीच्या आत हिंदूंच्या घरोघरी पंचांग पोचवू लागले. मराठी मुद्रणाच्या इतिहासात या घटनेला मोठे मोल आहे.

मुलींसाठी पहिली शाळा १८२४ मध्ये मुंबईत निघाली. मुलीने अक्षर शिकले तर संसाराचे वाटोळे होते, अशी समजूत असलेल्या समाजात हे काम मुलांच्या शाळेहून किती तरी अवघड होते. पुरुष मिशनरी घरांत जाऊ शकत नव्हते आणि मिशनरींच्या बायका बाळंतपणे आणि आजार यांत अडकलेल्या. म्हणून बोर्डाने १८२७ मध्ये सिंथिया फरार या न्यू हॅम्पशायरच्या अविवाहित शिक्षिकेला मुंबईला पाठवले. एकट्या स्त्रीला समुद्रापार पाठवणे तेव्हाच्या अमेरिकन चर्चमध्येही धाडसाचे मानले गेले. दोन वर्षांत त्यांच्या देखरेखीखालच्या शाळांत चारशेच्या वर मुली होत्या. या शाळांत शिकवण्यापेक्षा त्या टिकवणे कठीण होते. मुलगी आठ-नऊ वर्षांची झाली की तिचे लग्न होई आणि पाटी सुटे. फरारबाई हे सारे पाहत राहिल्या आणि नव्याने येणाऱ्या मुलींना पुन्हा पहिल्या अक्षरापासून शिकवत राहिल्या. १८३९ मध्ये त्या नगरला गेल्या आणि १८६२ मध्ये तिथेच वारल्या. चौतीस वर्षे त्यांनी या एका कामाला दिली.

फरारबाई मुंबईला आल्या तोवर मिशनच्या पहिल्या पिढीचा बहुतेक अंत झाला होता. नॉट प्रकृतीमुळे १८१५ मध्ये परतले. न्यूएल १८२१ मध्ये पटकीने गेले. गॉर्डन हॉल मार्च १८२६ मध्ये नाशिक-त्र्यंबकच्या दौऱ्यावर होते, तिथे पटकीची साथ चालू होती. जवळची औषधे त्यांनी वाटून टाकली आणि परतीच्या वाटेवर २० मार्च रोजी त्यांनाच त्या रोगाने गाठले. तेरा वर्षांच्या श्रमानंतर त्यांच्यामागे शाळा होत्या, छापखाना होता, १८२३ मध्ये मुंबईत बांधलेले प्रार्थनामंदिर होते. बाप्तिस्मा घेतलेल्या माणसांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी होती.

मुंबईची हवा सोसत नाही आणि घाटावरचा मुलूख अजून मोकळा आहे, या दोन कारणांनी मिशनने डिसेंबर १८३१ मध्ये अहमदनगरला ठाणे घातले. अॅलन ग्रेव्ह्ज, हॉलिस रीड आणि विल्यम हर्वे हे तिघे तिथे गेले. त्यांच्यासोबत बाबाजी रघुनाथ हा ख्रिस्ती झालेला ब्राह्मण होता. नगरला आंधळ्या-पांगळ्यांसाठी एक आश्रम चालत असे आणि तिथल्या निराधारांत बाबाजीने काम केले. १८३३ मध्ये नगरची पहिली मंडळी स्थापन झाली, तेव्हा तिच्या सभासदांत हे निराधार लोक होते. त्याच वर्षी बाबाजी वारला. त्याच्यावर रीड यांनी अमेरिकेत एक चरित्रग्रंथ प्रसिद्ध केला.

ब्राह्मण, लुळेपांगळे आणि अस्पृश्य एका भाकरीतून प्रभुभोजन घेतात, हे दृश्य नगरच्या लोकांना धक्कादायक होते. मिशनने एक नियम सुरुवातीपासून धरला होता की मंडळीत जातीला स्थान नाही. तो पाळणे ख्रिस्ती झालेल्यांनाही सोपे गेले नाही. १८३९ मध्ये हरिपंत रामचंद्र खिस्ती आणि त्यांची पत्नी राधाबाई यांनी बाप्तिस्मा घेतला, तेव्हा त्यांना घरदार, नाते आणि पाण्याची विहीर हे सगळेच एका दिवसात तोडावे लागले. पुढे १८५४ मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली. मराठी मंडळीला मराठी पाळक मिळायला चाळीस वर्षे लागली होती.

इकडे शाळांवरचा विश्वास डळमळू लागला होता. मुंबईत स्कॉटिश मिशनच्या शाळेतून १८३९ मध्ये पारशी मुलांनी धर्मांतर केल्यावर मोठे वादळ उठले आणि शेकडो मुले शाळेतून काढली गेली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्यांचा अल्पवयीन भाऊ श्रीपत मिशनरींच्या घरी राहिला होता आणि बापाने त्याच्यासाठी कोर्टात धाव घेतली. कोर्टाने मूल बापाच्या स्वाधीन केले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत परत घ्यावे की नाही, यावर ब्रह्मवृंदात तट पडले आणि शुद्धीच्या बाजूने बाळशास्त्री जांभेकर उभे राहिले. या प्रकरणातला मूळ प्रश्न आजही गंभीर आहे. ज्या वयात मूल शिक्षकाचे शब्द तपासू शकत नाही, त्या वयात त्याच्या धर्माचा निर्णय कोणी घ्यायचा? आईबापांचा संताप केवळ जातीच्या अभिमानातून आला होता असे म्हणणे अन्यायाचे होईल. ज्या माणसाच्या हाती मूल विश्वासाने सोपवले, त्याने ते आपल्यापासून तोडले, ही वेदना त्यात होती. याच भीतीतून मिशनबाहेरच्या शाळा काढण्याची निकड सुशिक्षितांना जाणवली.

शाळेचे लोण त्यामुळे थांबले नाही, उलट दुसऱ्यांच्या हाती गेले. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेले जोतिराव फुले नगरला गेले असता त्यांनी फरारबाईंची मुलींची शाळा पाहिली आणि तिचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांच्या पत्नी सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे फरारबाईंच्या संस्थेत घेतल्याचेही चरित्रांतून येते. १८४८ मध्ये फुल्यांनी पुण्यात भिडेवाड्यात मुलींची शाळा उघडली. ती मिशनची नव्हती आणि तिथे कोणालाही बाप्तिस्म्याकडे नेले जात नव्हते. मिशनच्या शाळेने दिलेल्या फळांत बहुधा हेच सर्वांत मोठे, आणि ते मिशनच्या कोणत्याही अहवालाच्या रकान्यात बसणारे नव्हते.

बोस्टनचा हिशेब वेगळा होता. बोर्डाचे चिटणीस रुफस अँडरसन यांना वाटे की चाळीस वर्षे शाळांवर खर्च झाला, मंडळ्या मात्र मूठभर राहिल्या. मिशनचे काम म्हणजे स्वतःच्या पायावर उभी राहणारी, स्वतःचा कारभार पाहणारी आणि स्वतःच प्रसार करणारी मंडळी निर्माण करणे, हा त्यांचा सिद्धान्त होता. १८५४ च्या अखेरीस ते स्वतः हिंदुस्थानात आले. त्यांच्या भेटीनंतर मुंबई आणि नगर इथल्या इंग्रजी शाळा बंद झाल्या. जोर मराठीतल्या उपदेशावर आणि खेडोपाडीच्या मंडळ्यांवर द्यायचे ठरले. योगायोग असा की त्याच १८५४ साली वुडच्या खलित्याने खासगी शाळांना सरकारी अनुदान द्यायचे धोरण आखले. सरकार शाळांना पैसे द्यायला निघाले तेव्हा मिशन आपल्या शाळा मिटत होते.

अँडरसन यांचा सिद्धान्त एका अर्थी दूरदृष्टीचा होता. परदेशी मिशनरी कायमचे मालक होऊ नयेत, हा विचार त्यांच्या पिढीतल्या फार थोड्या लोकांना सुचला. पण इंग्रजी शाळा बंद करताना त्यांनी मुलांच्या पालकांना आणि मराठी पाळकांना काय हवे आहे, याला पुरेसे वजन दिले नाही. इंग्रजी शिकलेल्या मुलाला कचेरीत नोकरी मिळे आणि मराठी शिकलेला गावातच राही, हे पालकांना स्पष्ट दिसत होते. शेवटी १८८२ मध्ये नगरला मिशनचे हायस्कूल निघाले आणि जुना निर्णय व्यवहारात मागे पडला.

खेड्यांकडे वळल्याचा परिणाम मात्र दूरगामी झाला. नेवासे, राहुरी, पारनेर या भागांत महार वस्त्यांमधून लोक मंडळीत येऊ लागले आणि सोलापूरकडे मांग समाजातून. वडाळ्याला सॅम्युएल फेअरबँक यांनी १८५७ पासून अनेक दशके काम केले. पक्ष्यांचे अभ्यासक असलेल्या या मिशनरीने शेतीत सुधारणा करून पाहिल्या आणि मराठीत गीते रचली. एका वस्तीतले दोघे-तिघे ख्रिस्ती झाले की त्यांची पहिली मागणी मुलांसाठी शाळेची असे. आता प्रश्नच उलटा झाला होता. मुंबईत शाळेतून मंडळी निघावी अशी आशा होती, नगरच्या खेड्यांत मंडळीतून शाळा निघू लागली.

या मागणीमागचे दुःख समजायला १८५६ मधले धारवाडचे प्रकरण पुरे आहे. तिथल्या सरकारी शाळेने एका महार मुलाला प्रवेश नाकारला आणि मुंबई सरकारने त्याच्या अर्जावर हात आखडता घेतला, इतर विद्यार्थी शाळा सोडून जातील म्हणून. त्याआधी तीस वर्षांपूर्वी मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनीच आपल्या टिपणात लिहून ठेवले होते की मिशनऱ्यांना खालच्या जातींची मुले सर्वांत चांगले विद्यार्थी वाटतात, तरी सरकारने तिथून आरंभ केला तर शिक्षण वर पसरणार नाही. ज्याला सरकारी शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्या मुलासाठी महारवाड्यातली मिशनची एकशिक्षकी शाळा हे गावातले एकमेव दार होते. धर्मांतर श्रद्धेने झाले की शाळेसाठी, ही चिकित्सा तेव्हाही झाली. माणसाला माणूस म्हणून बसायला जागा देणारा धर्म त्या लोकांनी निवडला असेल, तर त्यात श्रद्धा नव्हती असे कोणी म्हणावे?

मंडळीची भाषा आणि चाल मराठी होणे हे पुढचे पाऊल होते. आरंभी उपासनेत अमेरिकन चालींवर बसवलेली गीते गात आणि ती खेडुतांच्या तोंडी बसत नसत. १८६० च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले. टाळ, वीणा, पूर्वरंग, आख्यान, सगळे ओळखीचे, कथा येशूची. लोक रात्रभर ऐकत बसत. जून १८४२ मध्ये नगरला सुरू झालेले मिशनचे ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक घरोघर वाचले जाई आणि मुलांसाठी ‘बालबोधमेवा’ हे मासिकही मिशनने चालवले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक नगरला आले आणि त्यांच्या अभंगांनी, भजनांनी मराठी उपासना खऱ्या अर्थाने मराठी झाली. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात नगरच्या या ख्रिस्ती जगाचे जिवंत चित्र आहे.

अमेरिकेतल्या मुलांचाही या जगाशी संबंध जोडला गेला होता. तिकडच्या रविवारच्या शाळांत मुले दूरदेशीच्या मिशनसाठी नाणी गोळा करत. १८५६ मध्ये बोर्डाचे ‘मॉर्निंग स्टार’ हे जहाज मुलांनी दहा-दहा सेंटच्या भागांतून उभारलेल्या पैशाने बांधले गेले. ते प्रशांत महासागराकडे गेले, पण नगर-सोलापूरच्या शाळांनाही याच सवयीतून मदत येत राहिली. सोलापूरच्या मुलींच्या शाळेला मॅसॅच्युसेट्समधल्या वोरोनोको या गावाचे नाव आजही आहे.

या नात्याची खरी कसोटी १८९९-१९०० च्या छपन्नाच्या दुष्काळात लागली. दख्खनमध्ये पिके बुडाली, गुरे मेली, माणसे खडी फोडण्याच्या सरकारी कामांवर लोटली आणि रस्त्यांवर पोरकी मुले उरली. मुंबईत जन्मलेले रॉबर्ट अॅलन ह्यूम नगरला मदतकार्याचे प्रमुख होते. अमेरिकेत गोळा झालेला पैसा आणि धान्य त्यांच्यामार्फत वाटले गेले, मिशनने हजारो अनाथ मुले सांभाळायला घेतली. त्याच सुमारास केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती सदनात जवळपास दोन हजार स्त्रिया आणि मुली आश्रयाला होत्या. ह्यूम यांना १९०० मध्ये कैसर-इ-हिंद सुवर्णपदक मिळाले.

दुष्काळ सरला तरी मुले उरली. त्यांना गाव नव्हते, जात नव्हती, वतन नव्हते. नुसते वाचायला शिकवून त्यांचे पोट भरणार नव्हते, म्हणून सुतारकाम, धातुकाम, गालिचे विणणे आणि विणकाम शिकवणाऱ्या शाळा वाढल्या. नगरची सर डी. एम. पेटिट औद्योगिक शाळा यांपैकीच. १९०१ च्या सुमारास आलेले अभियंते डी. सी. चर्चिल यांनी नगरला हातमागात सुधारणा घडवल्या. या मुलांचा धर्म आपोआप ख्रिस्ती ठरला, कारण त्यांच्यासाठी बोलणारे कोणी जिवंत नव्हते. मूल वाचले हे थोर होते, आणि त्याच्या वतीने त्याचा धर्म इतरांनी ठरवला हेही खरे होते. श्रीपतच्या खटल्यातला प्रश्न इथे पुन्हा उभा होता, फक्त या वेळी कोर्टात जायला बाप उरला नव्हता.

मिशनरी आणि मराठी पाळक यांच्यातला ताण विसाव्या शतकात उघड झाला. पगार, बंगला आणि निर्णयाचा हक्क साहेबांकडे, श्रम मात्र दोघांचे, ही तक्रार जुनी होती. टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडली आणि चर्चच्या चौकटीबाहेर ‘देवाचा दरबार’ हे बंधुमंडळ सुरू केले. त्यांचे ९ मे १९१९ रोजी निधन झाले. १९२४ मध्ये मिशनच्या मंडळ्या इतर पंथांच्या मंडळ्यांसह उत्तर भारताच्या संयुक्त चर्चमध्ये सामील झाल्या आणि अँडरसन यांनी सत्तर वर्षांपूर्वी मांडलेला स्वायत्त मंडळीचा विचार इथल्या पाळकांच्या हातून प्रत्यक्षात येऊ लागला. १९४७ मध्ये भास्कर पांडुरंग हिवाळे यांनी अहमदनगर कॉलेजची स्थापना केली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली आणि हॉल-नॉट यांच्यापासून चालत आलेल्या मराठी मंडळ्या तिच्यात विलीन झाल्या.